बरं बसतंय ना?

अंगावरचं ओझं ओझं वाटेनासं कधी होतं, या विषयावर खरं तर बायकांनी ग्रंथ लिहायला हवा होता. कळायच्या आधी कान टोचलेले असतात. मग पैंजण, मग बांगड्या, लग्नात पाटल्या आणि बिलवर, गळ्यात दोन-तीन पदर. जड झुब्यांनी कानाची पाळी ओढते म्हणून झुब्यापासून केसांपर्यंत वेल लावतात. म्हणजे ओझ्यावरचा उपाय म्हणून आणखी एक दागिना! हे सगळं सोसतं का, असं नवरीला कोणी विचारत नाही. शोभतं, एवढंच सांगतात.

त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या घरात एका पुरुषाच्या मनगटावरच्या ओझ्याची चर्चा सुरू झाली तेव्हा मला आधी गंमतच वाटली होती.

यांना साठ वर्षं पूर्ण झाली. धाकट्या भाऊजींनी घड्याळ दिलं. साधंसुधं नव्हे, पाणबुड्यांसाठी बनवतात तसलं, एका बड्या स्विस कंपनीचं. डबाच एवढा मोठा की मला वाटलं आत मिक्सर आहे. तबकडी पंचेचाळीस मिलिमीटरची, जाडी दीड सेंटिमीटरच्या वर, सगळं पोलादी, पट्टासुद्धा. मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. दोनशे ग्रॅमच्या वर भरलं. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं वीस तोळे. जाऊबाई म्हणाल्या, “अक्का, एवढं सोनं आपण दोघी मिळून तरी अंगावर घालतो का हो?” किंमत कोणी सांगितली नाही, पण पुतण्यानं मोबाईलवर काढली. पाच लाखांच्या पुढे होती. यांनी आयुष्यभर चामडी पट्ट्याचं, चावीचं, रुपयाएवढं घड्याळ वापरलं. मनगट माझ्यापेक्षा जरा जाड, एवढंच.

पहिल्या आठवड्यातच कळलं की घड्याळ बसणं म्हणजे नुसता पट्ट्याच्या मापाचा प्रश्न नाही. पट्टा सैल ठेवला तर जड तबकडी हाताच्या बाहेरच्या बाजूला घसरते आणि दर दोन मिनिटांनी हात झटकून ती वर आणावी लागते. आवळून बसवला तर संध्याकाळी मनगटावर वळ उठतात. बेळगावात मे महिन्यात दुपारी हात सुजतो आणि सकाळी बरोबर बसलेला पट्टा तीन वाजता फास होतो. चावीची गुंडी उजव्या अंगाला असते. हात मनगटापाशी मागे वाकवला की ती तळहाताच्या पाठीत रुतते. खुर्चीवर बसणाऱ्याला हे फारसं कळणार नाही. पण जमिनीवर तळवा टेकून उठणाऱ्या, देवापुढे वाकणाऱ्या माणसाला दिवसातून दहा वेळा कळतं. शर्टाची बाही त्यावरून उतरत नाही. बसदीत पंचांग नमस्कार घालताना फरशीवर ‘ठक’ असा आवाज आला आणि पुढच्या ओळीतल्या दोन माणसांनी वळून पाहिलं.

अशा घड्याळांची स्तुती करणारे एक वाक्य हमखास बोलतात. थोडे दिवस जाऊ द्या, हातात आहे हेच कळणार नाही. त्यात तथ्य आहे. कातडीचं काम बदल कळवणं आहे. तोच दाब तिथंच राहिला की मज्जातंतू कळवायचं कमी करतात. आपल्या बोटातली अंगठी आपल्याला आता जाणवते का? नाही. काढली की मात्र बोट उघडं वाटतं.

पण वस्तू कळेनाशी होणं ही स्तुती आहे का? मी इथं बराच वेळ अडकले. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा’ या शब्दानं केली आहे, हे स्वाध्यायाला बसणाऱ्या सगळ्याजणींना पाठ असतं. आपण त्याचा अर्थ आसक्ती, ममत्व असा सांगून पुढे जातो. वस्तू किती आहेत यापेक्षा त्यांत जीव किती अडकला ते महत्त्वाचं, हा अर्थ सोयीचाही आहे, कारण मग कपाट भरलेलं असलं तरी आपण सुटतो. पण शब्दाचा साधा अर्थ शुद्ध हरपणं असाच आहे. जे जाणवत राहतं त्याच्याशी निदान आपला व्यवहार जागा असतो. जे जाणवेनासं झालं ते आपल्यात शिरलं. अशा अर्थानं पाहिलं तर टोचणारं घड्याळ हा कमी परिग्रह आणि अगदी छान बसणारं घड्याळ हा जास्त परिग्रह, असं म्हणावं लागेल. हे मी यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, “मग काय, जन्मभर टोचून घेऊ?”

त्यांचं बरोबर आहे. मुद्दाम सोसण्यातही एक ऐट असते. उपास केलेल्या बाईनं चार घरी जाऊन ‘आज पाणीसुद्धा नाही’ असं सांगत फिरणं आपण पाहिलेलं आहे. तेव्हा टोचतं म्हणून पुण्य असा हिशेब मी मांडणार नाही.

आधी ही वस्तू मुळात कोणासाठी आहे ते बघितलं पाहिजे. हातावर बांधायची घड्याळं पूर्वी बायकांची मानत असत. पुरुषांची घड्याळं साखळीला लावून खिशात. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढायला सवड नव्हती, तेव्हापासून पुरुषांनी मनगटावर बांधायला सुरुवात केली आणि मग ती मर्दानी झाली. पाण्यात टिकणाऱ्या घड्याळाची पहिली मोठी जाहिरातही एका बाईच्या जिवावर झाली. मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमध्ये टायपिस्टचं काम करणारी मुलगी. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी ती इंग्लिश खाडी पोहून गेली, असं करणारी पहिली ब्रिटिश स्त्री. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका बाईचा खोटा दावा उघडकीला आला आणि हिच्यावरही शंका घेतली गेली. बिचारी त्याच महिन्यात, २१ तारखेला, पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी रोलेक्स कंपनीनं आपलं नवं ऑयस्टर घड्याळ तिला दिलं होतं. ते तिनं गळ्यात अडकवलं. दहा तासांवर पोहल्यावर थंडीनं गारठून तिला बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं. कंपनीनं पुढच्या महिन्यात डेली मेलच्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात दिली. मला यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. पोहण्यातून मिळालेल्या पैशातून या बाईनं लेस्टर शहरात निराधारांसाठी घरं उघडली. तिच्या गळ्यातलं ते घड्याळ छोटंसं होतं.

खास पाणबुड्यांची घड्याळं आली १९५३-५४ च्या सुमाराला. ब्लांपां कंपनीच्या घड्याळाचं नावच ‘फिफ्टी फॅदम्स’, पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९१ मीटर. माणूस पाठीवर टाकी घेऊन त्याहून खाली जाऊ शकत नाही असा तेव्हाचा समज होता. रोलेक्सचं पहिलं सबमरिनर सुमारे ३८ मिलिमीटरचं होतं, म्हणजे आमच्याकडच्या या ताटलीपेक्षा बरंच लहान, आणि ते घालून माणसं खरोखर समुद्रात उतरत होती. पुढं ही घड्याळं वाढत गेली. त्यात खोल पाण्याचा वाटा थोडा आणि दुकानाच्या काचेचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या घड्याळावर सहाशे मीटर असं लिहिलेलं आहे. हौशी पाणबुड्यांची मर्यादा चाळीस मीटर धरतात. इजिप्तच्या एका माणसानं २०१४ साली टाकी घेऊन ३३२ मीटर गाठले, तो जागतिक विक्रम ठरला. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे सहाशे मीटरवर साठ वातावरणांचा दाब. तिथं घड्याळ चालेल, पण वेळ बघायला कोण असेल? या घड्याळाला डाव्या अंगाला आणखी एक गुंडी आहे. ती हेलियम वायू बाहेर सोडण्यासाठी. समुद्राच्या तळाशी दिवसचे दिवस काम करणारे पाणबुडे दाबाखालच्या बंद कोठडीत राहतात, हेलियम मिसळलेली हवा घेतात. हेलियमचे कण इतके बारीक की घड्याळात शिरतात, आणि वर येताना दाब उतरला की आतून काच उडवतात. म्हणून ही झडप. आपल्या मुंबई हायच्या तेलविहिरींवर अशी कामं करणारी माणसं आहेत. त्यांना ती गुंडी हवीच. आमच्या यांना समुद्र बघायचा तर आधी चोर्ला घाट उतरून गोव्याला जावं लागतं, आणि गेले तरी हे घोटाभर पाण्यात उभे राहतात.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. पाण्यात वस्तूचं वजन कमी भरतं, हे आपण विहिरीतून कळशी ओढताना शिकलेलो आहोत. घड्याळही पाण्यात हलकं होतं आणि ज्या हातावर ते आहे तो हातही तरंगत असतो. त्यातून ते जाड रबरी पोशाखाच्या बाहीवरून बांधायचं, म्हणून पट्टा लांब, आकडे मोठे, गुंडी मोठी. तिथं ते मुळीच जड नाही. जिथं ज्याची सोय आहे तिथून ते उचलून दुसरीकडे आणलं की तीच सोय गैरसोय होते. सुना-मुलींच्या बाबतीत हे आपल्याला लगेच पटतं, वस्तूंच्या बाबतीत आपण विचार करत नाही.

तरीही न वापरलेल्या सामर्थ्याबद्दल मी फार कडक बोलणार नाही. आमच्या कपाटात चांदीचं ताट आहे, ते वर्षातून एकदा निघतं. सासूबाईंनी परिग्रह परिमाणाचं व्रत घेतलं होतं. साड्या इतक्या, भांडी इतकी, सोनं इतकं, धान्य इतकं, असं त्यांनी एका वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. नवी साडी आली की एक जुनी निघायची. मोलकरणीच्या मुलींची लग्नं त्या साड्यांवर झाली. त्या वहीत घड्याळाचा रकाना नाही. आता हे कुठल्या रकान्यात घालायचं? वेळ दाखवतं म्हणून भांड्यात? किंमत पाहता सोन्यात? की आकार पाहता घर-जमिनीत? हे शेवटचं जाऊबाईंचं म्हणणं.

हसून सोडून दिलं असतं, पण घड्याळामागे एक दुखणं होतं.

चार वर्षांपूर्वी आमच्या कापडदुकानाच्या वाटण्या झाल्या. मामंजींनी टाकलेलं दुकान, तिघा भावांनी वाढवलेलं. वाटण्यांत कोण चुकलं हे मी इथं लिहिणार नाही, आणि लिहिलं तरी ते माझ्या बाजूनंच लिहिलं जाईल. एवढंच सांगते की धाकटे भाऊजी आणि हे दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पर्युषणातल्या क्षमावणीला दोघंही एकाच बसदीत हात जोडून उभे, सगळ्या गावाची क्षमा मागितली, एकमेकांसमोर आले नाहीत. त्यानंतर कोणीतरी एक पाऊल टाकलं, मग दुसऱ्यानं टाकलं. साठीच्या दिवशी भाऊजी डबा घेऊन आले. “दादा, हात पुढं कर,” म्हणाले आणि स्वतः घड्याळ बांधलं. सहा फुटांचा माणूस, पण बांधताना बोटं थरथरत होती.

तेव्हापासून भाऊजी भेटले की पहिला प्रश्न एकच: “दादा, बरं बसतंय नव्हं?”

आणि हे म्हणायचे, “झकास!”

आता सांगा, हे खोटं आहे का? सत्याणुव्रत घेतलेल्या माणसानं असं म्हणावं का? आपल्याकडे सत्यालाही अहिंसेची अट आहे. दुसऱ्याला दुखावणारं सत्य बोलू नये, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. त्या हिशेबानं ‘झकास’ पास होतं. भावाला आनंद होतो, हात थोडा दुखतो, हातानं सोसावं. घरातल्या बायका हेच तर करत आल्या. नणंदेनं दिलेली न आवडती साडी तिच्या घरच्या मुंजीला नेसायची, जावेनं आणलेलं खारट लोणचं दोनदा मागून घ्यायचं. संसार यावर चालतो, आणि यात काही वाईट आहे असं मला अजूनही वाटत नाही.

पण साडी एका दिवसाची असते. इथं प्रश्न रोज विचारला जात होता आणि रोज तेच उत्तर दिलं जात होतं. मला दिसत होतं की हे घड्याळ म्हणून घालत नव्हते, पावती म्हणून घालत होते. समेट झाला, ही बघा पावती. एखाद्या दिवशी घरी विसरले तर बाजारात भाऊजींच्या दुकानावरून न जाता मागच्या गल्लीतून यायचे. साठ वर्षांचा माणूस, आपल्याच सख्ख्या भावाला चुकवून. मग समेट कसला झाला? पूर्वी भांडणामुळे गल्ली बदलत होते, आता प्रेमामुळे. गल्ली तीच.

माझं म्हणणं असं की देणाऱ्यालाही हक्क असतो. आपण दिलेलं कसं लागू पडलं हे कळण्याचा. ‘झकास’ म्हणून आपण त्याचा तो हक्क काढून घेतो आणि वर स्वतःला सहनशील समजतो. दुखावू नये म्हणून लपवलेलं आणि दुखावेल इतका तो परका आहे असं मानून लपवलेलं, यांत फरक आहे. दुसऱ्यात हिंसा आहे, बारीक का होईना. हे म्हणाले, तुझं बोलणं बरोबर, पण तू त्याची बोटं थरथरताना पाहिलीस ना? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजून नाही.

शेवटी ते माझ्या तत्त्वज्ञानानं सुटलं नाही. दसऱ्याला भाऊजी घरी आले होते. जेवून उठताना यांनी जमिनीवर हात टेकला आणि तोंडातून ‘स्स’ निघालं. भाऊजींनी मनगट पकडलं, घड्याळ वर सरकवलं, खाली लाल झालेलं बघितलं. “किती दिवस झालं असं?”

“पहिल्यापासून,” हे म्हणाले. “जड आहे रे. पण तू दिलंस.”

मला वाटलं आता काहीतरी होणार. भाऊजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मला सांगायचं की. मी काय दुकानदार आहे का, परत घेणार नाही म्हणायला?” आणि मग दोघंही हसले, कारण दोघंही दुकानदारच.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी घड्याळजीकडून दोन कड्या काढून आणल्या. पट्ट्याच्या खटक्यात दोन-दोन मिलिमीटरनं सैल-घट्ट करायची सोय असते, ती पाणबुड्यांच्या पोशाखासाठी असली तरी उन्हाळ्यातल्या सुजलेल्या हातालाही चालते, हे त्या घड्याळजीनं दाखवलं. आठ महिने ती आमच्या हातात होती आणि कोणाला ठाऊक नव्हती. आता घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराकडच्या अंगाला बसतं, तिथं गुंडी रुतत नाही. वजन आहे तेवढंच आहे. हे ते रविवारी आणि लग्नकार्याला घालतात. एरवी चामडी पट्ट्याचं जुनंच.

एक उपयोग मात्र रोजचा निघाला. या घड्याळाच्या काचेभोवती एक फिरतं कडं असतं, साठ मिनिटांच्या खुणांचं. पाणबुड्यानं उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे खाली किती वेळ झाला ते दिसत राहतं. हे कडं एकाच दिशेनं फिरतं. कशावर आपटून चुकून सरकलं, तर झालेला वेळ खऱ्यापेक्षा जास्तच दिसेल, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, पण उशिरा येऊन मरणार नाही. ज्यानं हे पहिल्यांदा योजलं त्याला मी नमस्कार करते. सासूबाईंच्या वहीतही असंच होतं. हिशेबात गडबड झाली तर त्या आपल्या बाजूनं एक साडी कमीच धरायच्या.

तर हे सकाळी सामायिकाला बसताना घड्याळ हातात घालत नाहीत, समोर चटईच्या कडेला ठेवतात आणि खूण काट्यापाशी आणतात. दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं. पूर्वी वाळूचं घड्याळ होतं, ते नातवानं फोडलं. पाच लाखांच्या वस्तूचा उपयोग दोनशे रुपयांच्या काचेच्या जागी होतो, हे भाऊजींना सांगायचं की नाही यावर आमचा पुन्हा वाद झाला. या वेळी यांनी वाट बघितली नाही, त्याच संध्याकाळी फोन करून सांगून टाकलं. भाऊजी म्हणाले, “मग माझंपण तेवढं सामायिक तुझ्या खात्यात धर.” असं धरता येत नाही, ज्याचं त्यानं करावं लागतं, हे यांनी त्यांना बराच वेळ समजावून सांगितलं. भाऊजी येत्या चातुर्मासात बसतो म्हणाले आहेत.